पुढे सरकवलेले ताट

सोलापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. विजयमाला आत्यास,
अभिमन्यूचा ख्रिस्तात सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू "व्हय व्हय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहीत आहे. नोव्हेंबरात आईच्या मातीला येऊन गेलीस, त्यानंतर मी काही कळवले नाही. कळवण्यासारखे नव्हते. कामावर जातो, टॉवेल तपासतो, सुटलेला धागा दिसला की तो नग बाजूला टाकतो, घरी येतो. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. मी आमेन म्हटले.

मला रडू आलेले नाही. मातीच्या वेळीही नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणतात पोरगा धीराचा आहे. तो धीर नाही, आत्या. भाजीत मीठ आहे की नाही हेही मला कळत नाही. शेंगाची चटणी भुशासारखी लागते.

आता विचारायचे ते विचारतो. गेले काही आठवडे श्वास छातीत वरच अडकतो. सरकारी दवाखान्यात फोटो काढला. छाती साफ आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू श्वास घेतोस, पण सोडतच नाहीस. योगाच्या वर्गाला जा." आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये सकाळी असा वर्ग असतो. एसटीतून निवृत्त झालेले पंचाक्षरी सर शिकवतात. मी दाराबाहेर उभे राहून पाहिले. सुरुवातीला सगळे ॐ म्हणतात. शेवटी हात जोडून संस्कृतमध्ये काही म्हणतात. एका प्रकाराचे नावच सूर्यनमस्कार आहे. मी सूर्याला नमस्कार कसा घालू?

पूनमचे वडील मानसिंगकाका आपल्या चर्चच्या मंडळीचे पंच आहेत, हे तुला माहीत आहे. आईने ठरवलेले आमचे लग्न मे महिन्यात आहे. मागच्या वर्षी योगदिनाला आपल्या मुलांनी शाळेत जाऊ नये म्हणून काकांनी चर्चच्या सभेत वाद घातला होता. त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. तू जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होतीस आणि रोज गुडघ्यावर बसून प्रार्थना करतेस. तूच सांग. ख्रिस्ती माणसाने तिथे जावे का?

तुझा,
अभिमन्यू


जेऊर
२१ फेब्रुवारी २०२५

बाळ अभिमन्यू, सलाम.

तुझं पत्र पोस्टमननं रेवणसिद्धच्या दुकानात दिलं. रेवणसिद्ध म्हणतो, "आज्जे, अजून पत्र कोण लिवतंय? कोर्टाची नोटीस आली का काय?" म्या म्हटलं, माझा भाचा हाय, नोटीस परवडली, हा चार ओळीत इचारायचं ते दोन पानात इचारतो. मी बोलते तशी लिहिते. चुका काढत बसू नगंस.

अरं, डॉक्टरनीनं सांगितलंय न्हवं? मग ते औषध हाय. औषधाला जात नसती. हात-पाय ताणायला देवाची परवानगी कशाला लागतीय? मांजर उठलं की अंग ताणतं, त्याला कुणी बाप्तिस्मा झाला का पुसत न्हाय.

ते ॐ म्हणत्यात तवा तू तोंड मिटून बस. ते त्यांचं हाय, त्यांच्यापाशी राहू दे. आपल्याला आपलं म्हणायला लई हाय. आणि मानसिंगला सांगायची काय गरज न्हाय. लगीन होस्तवर माणसानं गप बसावं.

मीठ कळत न्हाय म्हणतोस तर भाकरीसंगं ठेचा खा. डोळ्याला पाणी तरी येईल.

तुझी आत्या


सोलापूर
५ मार्च २०२५

ती. आत्यास सलाम.

तू सांगितलेस तसे केले. शेवटच्या रांगेत चटई टाकतो. ॐ म्हणतात तेव्हा ओठ मिटतो. सूर्यनमस्कारात सर सूर्याची नावे घेतात, मी नुसता वाकतो आणि उठतो.

सरांच्या ते लक्षात आले. त्यांनी विचारले, "ख्रिश्चन हाईत काय तुम्ही?" मी हो म्हटले. मला वाटले, नुसता व्यायाम आहे, बिनधास्त करा, असे म्हणतील. ते म्हणाले, "बसा की मग. कोण अडवतंय? पण एक सांगतो हं. हे नुसतं हात-पाय हलवणं नव्हे. तुमचे पाद्री नको म्हणत असतील तर अगदीच उगीच म्हणत नाहीत." आत्या, त्यांनी हे कशाला सांगितले? औषध आहे असे मी स्वतःला समजावले होते. ते त्यांनी काढून घेतले.

पुढचे नीट लिहितो. शेवटी शवासन असते. प्रेतासारखे उताणे पडायचे, तळवे वर. सर मूळचे अक्कलकोटकडचे, मध्येच कानडीत "उसिरु बिडी" म्हणतात, म्हणजे श्वास सोडा. मी पडलो आणि मला शवपेटीतली आई आठवली. आपण तिचे हात छातीवर जुळवत होतो आणि शिलाई करून वाकलेले तिचे बोट काही केल्या सरळ होत नव्हते. तू ते दाबून धरले होतेस. तेवढे आठवले आणि श्वास सुटला. मी रडलो. पाणी दोन्ही कानांत गेले. सर्वजण उठून गेल्यावर पाहिले तर सरांनी माझ्या अंगावर चादर टाकली होती.

त्याच आठवड्यात रविवारी प्रभुभोजन होते. मी बाकावर बसून विचार केला. इतके महिने मी या बाकावर बसलो तेव्हा जे आले नाही, ते तिथल्या चटईवर आले. मग ते मला कोणी दिले? प्रभूने की दुसऱ्या कोणी? मला ठरवता येईना. स्वतःची परीक्षा झाल्याशिवाय प्रभूच्या मेजाला हात लावू नये, असे मला लहानपणापासून शिकवले आहे. भाकरीचे ताट आले, ते मी शेजाऱ्याकडे सरकवले. द्राक्षरसाच्या प्याल्यांचे ताट मानसिंगकाका स्वतः फिरवतात. ते माझ्यासमोर आले. मी मान हलवली. ते थोडे थांबले आणि पुढे गेले.

बाहेर पूनमच्या आईने, बजाकाकूंनी, माझा सलाम घेतला नाही. पूनमला हाताला धरून रिक्षात बसवले.

चूक होऊ नये म्हणूनच मी घेतले नव्हते. मग चूक कोठे झाली?

तुझा,
अभिमन्यू


जेऊर
१३ मार्च २०२५

अरं येड्या,

तुला औषध घे म्हटलं, तू साऱ्या गावाला आजार दाखवून आलास!

प्याला न घेणं म्हंजी लपवलेलं पाप, आणि लगीन ठरलेल्या पोरानं नाकारला की लोक एकच म्हणत्यात: बाई हाय. दुसरं कायबी त्यांच्या डोक्यात येत न्हाय. आमच्या वेळंला करमाळ्याच्या एका मास्तरानं असंच ताट पुढं सारलं. बिचाऱ्याची दाढ ठणकत हुती. पुढच्या रविवारपातुर लोकांनी त्याला दोन बायका करून दिल्या, एक माळशिरसला आणि एक कुर्डुवाडीला. मास्तर मरस्तवर सांगत हुता, दाढ हुती म्हणून. कुणी ऐकलं न्हाय.

गप बस म्हटलेलं आता इसर. ती माझी चूक. उठ आणि मानसिंगच्या घरी जा. खरं हाय ते सांग. पूनमसमोर सांग.

माझ्या गुडघ्यानं प्रवास होत न्हाय, न्हायतर मीच आले असते त्याचा कान धरायला.

आत्या


सोलापूर
२४ मार्च २०२५

अभिमन्यू यांना पूनमचा सलाम.

मोबाईल आईने काढून घेतला आहे, म्हणून हा कागद. आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या मुक्ताबाई आणून देतील. त्यांना चहा पाजा, नाहीतर उत्तर आणणार नाहीत.

काल तुम्ही आलात. पप्पांनी मला स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेतले. तुम्ही पाणीही न पिता गेलात. रात्री आईने लग्नाची साडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली.

तीन आठवडे घरात एकच चालले होते, बाई आहे, बाई आहे. मी आईला म्हटले, "त्यांना बाई असती तर तिचा एखादा धागा सुटलेला दिसला असता आणि त्यांनी तिला परत पाठवली असती." आई हसली नाही. आता पप्पा म्हणतात, बाई असती तर बरे झाले असते. बाईचे पाप माणूस पाप म्हणून कबूल तरी करतो. हा तर पापच म्हणत नाही.

मला त्यातले काही कळत नाही. एकच विचारते. तुमच्या आईसाठी मी तुमच्यासमोर किती वेळा रडले. तुम्ही माझ्यासमोर एकदाही रडला नाहीत. तिथे परक्या लोकांत कसे रडलात?

पूनम


सोलापूर
२६ मार्च २०२५

पूनम, सलाम.

मुक्ताबाईंना चहा आणि बिस्किटे दिली.

तू विचारलेस कसे रडलो. मला माहीत नाही. तिथे माझ्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. मेल्यासारखे पडायला सांगितले. ते मला नोव्हेंबरपासून येतच होते.

तुझ्या पप्पांनी काय सांगितले ते तुला कळलेले दिसत नाही. ईस्टरच्या उपासनेत मी सर्वांसमोर उभे राहायचे आणि तीन वाक्ये म्हणायची. एक, मी योगवर्गाला जात होतो. दोन, मी तो सोडला आहे. तीन, तिथे मला जी शांती वाटली ती खोटी होती, सैतानाची होती. मग लग्न ठरल्याप्रमाणे होईल. नाहीतर नाही.

पहिले वाक्य खरे आहे. दुसरे कालपासून खरे केले. मी सरांना सांगून आलो. त्यांनी दिलेली चटई त्यांनी परत घेतली नाही. "घरी अंथरा," म्हणाले. तिसरे वाक्य मी रोज कागदावर लिहून पाहतो. शुद्धलेखन बरोबर येते. तोंडातून निघत नाही. ते आईसाठीचे रडणे होते. ते खोटे म्हटले तर तिच्यासाठी माझ्याकडे दुसरे काहीच उरत नाही.

पण तू उरतेस. म्हणून प्रयत्न करीन.

अभिमन्यू


जेऊर
८ एप्रिल २०२५

बाळ, सलाम.

मानसिंगकडं जाऊन आल्यावर लिहिलेली तुझी दोन्ही पत्रं पोचली. काय करू म्हणून इचारतोस. मला ठाव न्हाय. नर्सबाईला सगळं ठाव असतं असं वाटतं लोकांना.

तुझ्या पणजाचं, म्हंजी माझ्या आज्जाचं सांगते. धुळा त्याचं नाव. मेंढ्या राखायचा. प्रभूला धरलं तवा त्याचं वय झालेलं. पहिल्याच रविवारी चर्चात आला आणि मधल्या वाटंवर पालथा आडवा पडला, बिरोबाम्होरं पडायचा तसा. मिशनची मडम घाबरली. तिला वाटलं म्हातारा चक्कर येऊन पडला. मग तिला कळलं. म्हणाली, धुळाबाबा, आता असं पडायचं न्हाय, बाकावर बसायचं. आज्जा म्हणाला, "देव नवा धरला, बाई. पाठ नवी कुठनं आणू?"

पुढं तो बाकावर बसायचा. पण घरी मेंढ्यांच्या वाड्यात आडवा पडून प्रार्थना करायचा, मी लहानपणी पाहिलंय. प्रभूचंच नाव घ्यायचा. त्याची प्रार्थना कुणाला पोचत हुती यावर आमच्या घरात कुणाला शंका आली न्हाय.

तुझं आज्जासारखंच हाय का उलटं हाय, ते मला सांगता येत न्हाय. तुझा तो सर म्हणतो तेबी खोटं न्हाय. त्यांचं त्यांच्या देवासाठी हाय. पंच सांगतो तर वर्ग सोडलास, बरं केलंस. पण ते तिसरं वाक्य. ते बोट मी धरलं हुतं, बाळ. मलाबी म्हणता येणार न्हाय.

आत्या


सोलापूर
२३ एप्रिल २०२५

ती. आत्यास सलाम.

रविवारी ईस्टर झाला. चर्च भरले होते. पंखे चालू असूनही लोक पुस्तकांनी वारा घेत होते. पाळकसाहेबांनी माझे नाव घेतले. मी उभा राहिलो.

पहिले वाक्य म्हटले. दुसरे म्हटले. मग थांबलो. मानसिंगकाका पुढच्या बाकावरून माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटले, "तिथे मी माझ्या आईसाठी रडलो." एवढेच म्हणालो आणि बसलो. मागे कोणीतरी खोकले. पाळकसाहेबांनी गीत सांगितले.

नंतर प्रभुभोजन झाले. या वेळी माझी घेण्याची तयारी होती. लपवलेले काही उरले नव्हते, म्हणून. भाकरीचे ताट दुसऱ्या पंचांनी आणले, मी तुकडा घेतला. मानसिंगकाका प्याल्यांचे ताट घेऊन आमच्या बाकाशी आले. माझ्या अलीकडच्याला दिले, पलीकडच्याला दिले. माझ्यासमोरून ताट उचलून नेले. मी हात पुढे केला होता. तो तसाच मांडीवर ठेवला.

मग ते बायकांच्या बाजूला गेले. पूनमच्या समोर ताट धरले. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. काका थांबले. तिने मान हलवली. बजाकाकू तिला चिमटा काढत होत्या, ते मला इतक्या लांबून दिसले. काका हलेनात. सगळे चर्च पाहत होते. ताटातले प्याले एकमेकांवर वाजत होते. शेवटी शेजारच्या बाईने ताट ओढून घेतले.

तिने असे का केले? तिने काय पाप केले आहे? माझ्यामुळे तिचे काही बिघडले का? चार दिवस मी हाच विचार करतो. वर्ग सोडल्याने श्वास पुन्हा वर अडकला आहे. लग्नाचे कोणी काही बोलत नाही. मोडले असावे.

अभिमन्यू


जेऊर
२९ एप्रिल २०२५

अभिमन्यू,

साऱ्या सोलापूरच्या टॉवेलातला धागा तुला दिसतो आणि हे दिसलं न्हाय?

तिनं काय पाप केलं न्हाय म्हणूनच केलं तिनं! ताट पुढं गेलं की बाई, ताट पुढं गेलं की सैतान, असं बाप म्हणत हुता न्हवं? आता त्याच्या हातातलंच ताट त्याच्या पोरीनं पुढं धाडलं. आता म्हणावं मानसिंगला, पोरीचं काय ते बी सांग चारचौघांत. तुला गाळलं तर मलाबी गाळा, असं म्हणाली ती. तोंड न उघडता म्हणाली.

अशी पोरगी सोडू नगंस. घरातनं कुठं जाऊ नगं. तो येईल बघ.

आत्या


सोलापूर
६ मे २०२५

ती. आत्यास सलाम.

तुझे पत्र शुक्रवारी आले. मानसिंगकाका त्याच संध्याकाळी आले.

एकटेच आले. चप्पल काढून आईच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "पोरगी जेवत नाही. ईस्टरपासून लोक मला विचारतात तिचं काय झालं म्हणून. मला!" मी पाणी दिले. ते प्यायले.

मग म्हणाले, "एक खरं सांग. तिथं कुणापुढं गुडघे टेकतोस का?"

मी म्हटले, "नाही. झोपतो."

"झोपतोस म्हणजे?"

"शेवटी आडवे पडायचे असते."

"दाखव."

मला काय करावे कळेना. सरांची चटई कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती. ती मी अंथरली. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून जिथे आईची पेटी ठेवली होती तिथेच अंथरली. हे मला पडल्यावर लक्षात आले. उताणा पडलो, तळवे वर केले, डोळे मिटले. नेहमीप्रमाणे पडलो. श्वास सोडला. काका समोर बसलेले आहेत हे मी विसरलो असेन.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. खुर्ची वाजली. काका म्हणाले, "ऊठ."

मी लगेच उठलो नाही. ते पुन्हा म्हणाले, "ऊठ की रे. ऊठ बाबा. बघवत नाही मला." त्यांनी माझा हात धरला आणि ओढून उठवून बसवले. हात सोडला नाही. माझ्या शेजारीच फरशीवर बसून राहिले. म्हणाले, "रोज असा पडून होतास, आणि आम्ही म्हणत होतो पोरगा धीराचा आहे."

जाताना दारात उभे राहून बोलले. वर्ग त्यांना पटलेला नाही, पटणारही नाही. ॐ म्हणायचा नाही. म्हणत नाही, असे मी सांगितले. लग्न झाल्यावर जायचे असेल तर पूनमला विचारून जा. आणि तिसरे वाक्य राहू दे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, आत्या. सर म्हणतात हे नुसते औषध नव्हे, काका म्हणतात हे विष आहे, तू पणजोबांची पाठ सांगतेस. मी सध्या घरीच चटई टाकतो. पडण्याआधी प्रभूची प्रार्थना म्हणतो, कारण मला दुसरी येत नाही. मग श्वास सोडतो. तो खाली जातो.

परवा रविवारी प्रभुभोजन होते. पूनम बायकांच्या बाजूला बसली होती. मी तिच्याकडे पाहिले नाही, पण ती पाहत होती असे वाटते. काका ताट घेऊन आमच्या बाकाशी आले. अलीकडच्याला दिले. माझ्यासमोर आले आणि उभे राहिले. मला हात उचलायला वेळ लागला. मागची माणसे चुळबुळ करू लागली. काका हलले नाहीत. मी प्याला उचलीपर्यंत ते तसेच ताट धरून थांबले होते.

लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तुला न्यायला गाडी घेऊन येईन, गुडघ्याचे निमित्त सांगू नकोस. मला आनंद झाला असावा. तो अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही. पण एक गोष्ट तुला कळवायची होती, म्हणून हे पत्र.

प्याल्यातला द्राक्षरस गोड होता.

तुझा,
अभिमन्यू